कोयत्याची हद्द : संचारस्वातंत्र्य आणि स्थलांतराचा कायदा

माझे गाव सोनारी, तालुका परंडा. काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे ते अनेकांना ठाऊक असते. परंड्याला लागून बार्शी, करमाळा, माढा हे सोलापूर जिल्ह्यातले तालुके आहेत. आज ही केवळ जिल्ह्याची हद्द आहे. १९४८पर्यंत ती दोन राजवटींची सरहद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा. मालावर करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात लागे. संस्थानात सरकारी नोकरी हवी असेल तर ‘मुल्की’ असावे लागे. बाहेरून आलेल्याला त्यासाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे.

२६ जानेवारी १९५० रोजी या रेषेचा अर्थ बदलला. अनुच्छेद १९ने नागरिकाला देशभर संचाराचा आणि कोठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला. अनुच्छेद १६ने सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा वास्तव्य यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. मुल्की नियम मात्र लगेच गेले नाहीत. वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार संविधानाने फक्त संसदेला दिला आणि संसद काही ठरवीपर्यंत जुने नियम चालू ठेवले. संसदेने १९५७च्या कायद्याने अशा अटी काढल्या. तेलंगणासारखे मोजके अपवाद ठेवले. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाचा अपवाद अवैध ठरवला : अट पूर्ण राज्यासाठी असू शकते, राज्याच्या एका भागापुरती नाही. हा वाद पुढे १९७३च्या घटनादुरुस्तीपर्यंत गेला.

त्याच १९६९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘शापिरो विरुद्ध थॉम्पसन’ खटल्यात सांगितले, की नव्याने राहायला आलेल्या गरिबाला सरकारी मदतीसाठी वर्षभर ताटकळत ठेवता येणार नाही. अमेरिकेच्या संविधानात प्रवासाचा हक्क आपल्यासारखा स्वतंत्र कलमात लिहिलेला नाही. तरी न्यायालय समतेच्या वाटेने तिथे पोहोचले. दोन देश, दोन संविधाने, पण मूल्य एकच : माणूस कुठून आला यावरून त्याची किंमत ठरू नये.

हे मूल्य कायद्यात कितपत उतरले, हे पाहायला आमच्या भागातला ऊसतोड मजूर पुरेसा आहे. दिवाळी सरली की टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ अशी मोजणी होते. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत हंगाम संपवणे भाग असते. काही टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे जातात, काही कर्नाटकात बेळगावकडे.

समजा, एकाच गल्लीतले दोन कोयते निघाले. एक कोल्हापूरला, दुसरा बेळगावला. काम तेच, उचल तशीच, कोपीही तशीच. पण १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा फक्त दुसऱ्यासाठी होता. ओडिशात ‘दादन’ म्हणून आगाऊ पैसे देऊन मजूर परराज्यात नेले जात. त्या शोषणाच्या अनुभवातून हा कायदा घडला. त्यात पासबुक होते, प्रवासभत्ता होता, निवास आणि औषधोपचार होते. मासिक मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जास्त तो विस्थापनभत्ताही होता. अंमलबजावणी कशी झाली, हा वेगळा विषय. इथे मुद्दा असा, की कोल्हापूरच्या कोयत्याला या तरतुदी कागदावरही नव्हत्या. २०२०च्या संहितेने या कायद्याची जागा घेतली. आपणहून परराज्यात गेलेल्या कामगारालाही तिने व्याख्येत घेतले. राज्याची सीमा ओलांडण्याची अट मात्र राहिली.

ती अपरिहार्य होती का? आंतरराज्य स्थलांतर हा केंद्र सूचीतला विषय आहे, ही सबब पुरेशी नाही. कामगारकल्याण समवर्ती सूचीत आहे. संसद आणि विधिमंडळ दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. हे जमते याचा पुरावा आपल्याच कायद्यात आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५नुसार मूल कोणत्याही कारणाने राज्यात किंवा राज्याबाहेर दुसऱ्या शाळेत गेले, तर दाखला ताबडतोब द्यावा लागतो. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. म्हणजे त्या दोन कोयत्यांच्या मुलांना कायद्याने सारखे मानले, आईबापांना नाही.

युरोपातल्या सहा देशांनी १९५७च्या रोम करारात कामगारांना मुक्त संचार दिला आणि १९५८मध्येच स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा नियम केला. हक्क माणसाबरोबर चालत गेला नाही, तर संचारस्वातंत्र्य पोकळ ठरते, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे २९ जून २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना ३१ जुलैपर्यंत सर्व राज्यांत राबवण्याचा आदेश दिला. धान्य माणसामागे जाऊ लागले. मजुरीचे संरक्षणही तसेच जायला हवे.

माझे म्हणणे एवढेच, की संरक्षणाचे माप सीमारेषा नसावी. घर किती महिने सुटले आणि उचलीने माणूस किती बांधला गेला, हे असावे. करोडगिरीचा नाका इतिहासजमा झाला. मजुराची हद्द अजून कायद्याच्या व्याख्येत उभी आहे, आणि ती काढायला घटनादुरुस्ती लागत नाही. साधी कायदादुरुस्ती पुरते.