भयकथेतले भय येते कोठून?

वसंत व्याख्यानमालेत भुताखेतांच्या गोष्टींवर बोलावे काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यातून हा मुलूख सातारा-सांगलीचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर १९४५ साली साताऱ्यात जन्मले, अंधश्रद्धेशी जन्मभर झगडले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांच्या गावी भयकथेचे कौतुक कशाला? आमचे उत्तर असे की, भय कसे घडविले जाते हे ज्याला समजले, त्याला भय विकणारा सहजासहजी ठकवू शकत नाही.

‘गॉथिक’ हे मुळात युरोपातील मध्ययुगीन, टोकदार कमानींच्या वास्तुशैलीचे नाव. १७६४ साली होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि पुढच्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक कथा’ म्हटले. तेथपासून हा शब्द वाङ्मयात रुळला. या कादंबरीत गढीच्या वारसावर लग्नाच्या दिवशीच एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळते व तो चिरडून मरतो. का? उलगडा शेवटी होतो: त्याच्या पणजोबाने खऱ्या धन्याला विष घालून ही जहागीर बळकावलेली असते. म्हणजे पहिल्याच गॉथिक कथेच्या मुळाशी भूत नव्हे, तर न फिटलेला अन्याय आहे. हे ध्यानात ठेवावे.

आता या कथांची हत्यारे पाहू. पहिले हत्यार म्हणजे जागा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. चौकामागून चौक, जाड भिंती, अरुंद जिने, खाली कृष्णेचा घाट. दिवसा तेथे इतिहास दिसतो. पण कंदील घेऊन एकटे फिरायचे म्हटले, की प्रत्येक बंद दार प्रश्न विचारू लागते. लेखक भुताचे वर्णन करीत नाही, दाराचे करतो. भूत वाचक आपल्या पदरचे घालतो.

दुसरे हत्यार म्हणजे माहितीची वाटणी. काय घडले हे वाचकाला ठाऊक नसते, तेव्हा गूढ निर्माण होते. काय घडू पाहते आहे हे वाचकाला कळते, पण पात्राला कळत नाही, तेव्हा उत्कंठा वाढते. तिसरे हत्यार विलंबाचे. पावलाचा आवाज आधी, माणूस मागाहून. रात्रपाळीच्या कामगाराला हे नेमके कळेल: यंत्राच्या आवाजाची सवय होते, तो अचानक थांबला की छातीत धस्स होते.

लघुकथेत ही हत्यारे अधिक धारदार होतात. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा परिणाम एकच असावा, असे एडगर अॅलन पो याने १८४२ साली लिहिले. म्हणून तेथे एक जागा, एक रात्र, एक वस्तू पुरते. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी ही वाट रुंद केली.

परंतु आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी कथा आमच्याच मातीतल्या माणसाची आहे. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘स्मशानातील सोनं’. तिचा नायक भीमा वारणाकाठचा. मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत तो राबतो. खाण बंद पडते. मग प्रेताच्या राखेत सापडणारे सोने वेचून तो बायको-मुलीला जगवू लागतो. एक सावकार मेल्याची वार्ता येते आणि रात्री भीमा त्याचे पुरलेले प्रेत उकरायला निघतो.

अंधार, स्मशान, कोल्ह्यांशी झुंज: सारे गॉथिक साहित्य येथे हजर आहे. मेलेल्याच्या तोंडात सोने घालण्याची चाल आपणा सर्वांना माहीत असते, म्हणून भीमाचा हात कोठे जाणार हे आपण आधीच ओळखतो आणि श्वास रोखतो. पहारीने उघडलेला जबडा मिटतो, बोटे अडकतात. भूत कोठेच नाही, तरी अंगावर काटा येतो. पुढे ती बोटे कापावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारा हात तर आता कायमचा अधू झालेला असतो.

या शेवटाने भयाची जागाच बदलते. आपण प्रेताला भीत होतो. भ्यायला हवे होते ते बंद पडलेल्या खाणीला. ओट्रँटोत जुना अन्याय परत येतो. येथे चालू अन्यायच माणसाला स्मशानात धाडतो. बेकारीत घर कसे चालते, हे संघटनेच्या कामात आम्ही जवळून पाहिले आहे, म्हणून ही कथा आम्हांला कल्पित वाटत नाही.

तेव्हा चांगली भयकथा आणि भोंदूगिरी यांतील फरक ओळखायला एक कसोटी पुरे. भोंदू भय दाखवितो आणि लगेच उतारा सांगतो. विचार करू देत नाही. भयकथा भय दाखविते आणि विचारावयास लावते, हे असे का झाले? जी गोष्ट वाचून हा प्रश्न मनात उरतो, ती मुलांनाही खुशाल वाचू द्यावी. ती त्यांना भित्रे करणार नाही.