शहरांतील कुत्रीं आणि हास्यरस

हास्यरसाचा विषय होण्याचा मान मनुष्याच्या खालोखाल कोणास मिळाला असेल, तर तो कुत्र्यास होय. माकडाच्या चेष्टा पाहून आपण हंसतों खरे; परंतु माकड आपल्या बिछान्यावर निजत नाहीं, आणि त्याच्या अपराधाबद्दल आपणांस शेजाऱ्याची क्षमा मागावी लागत नाहीं. कुत्र्याचें तसें नाहीं. त्याचा संसार आपल्या संसारांत मिसळलेला असतो, आणि म्हणूनच त्याच्या प्रत्येक फजितींत आपलाही वांटा असतो. याचें एक अलीकडील उदाहरण घेऊन शहरवासी लोक, त्यांचीं कुत्रीं आणि त्यांवरील विनोद यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

'इट्स ब्रूनो' या नांवाची एक इंग्रजी विनोदी वेब सिरीज, म्हणजे आंतरजालावरून घरबसल्या पाहावयाची नाट्यमालिका, नेटफ्लिक्स या कंपनीनें १७ मे २०१९ रोजीं प्रसिद्ध केली. तिचे भाग अवघे आठ असून प्रत्येक भाग सुमारें पाव तासाचा आहे. सोल्वान नईम या गृहस्थांनीं ती लिहिली, दिग्दर्शन त्यांनींच केलें, आणि माल्कम या नायकाची भूमिकाही त्यांनींच वठविली. दुसरा नायक ब्रूनो हा तर नईम यांचा स्वतःचाच कुत्रा. पग आणि बीगल या दोन जातींच्या संकरापासून झालेल्या कुत्र्यास तिकडे 'पगल' म्हणतात. ब्रूनो त्यांपैकीं एक. कथा घडते ती न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागांतील बुशविक या वस्तींत. त्याच वर्षीं एमी पारितोषिकाच्या लघुमालिकांच्या वर्गांत तिचें नामांकनही झालें. येथें पालकांस एक सूचना करणें अवश्य आहे. मालिकेंतील भाषा ही रस्त्यावरील भाषा असून ती कोठें कोठें असभ्य आहे. तेव्हां मुलांस दाखविण्यापूर्वीं ती आपण पाहावी.

कथानक म्हणावें असें तींत फारसें कांहीं नाहीं. माल्कम ब्रूनोला घेऊन रस्त्यानें फिरावयास निघतो आणि वाटेंत कोणाशीं ना कोणाशीं त्याचा खटका उडतो. ब्रूनोला कोणी कमी लेखलें कीं तो अपमान माल्कमला स्वतःचा वाटतो. गल्लींत कुत्रीं पाळणाऱ्यांची आपसांत चढाओढ चालते, आणि तींत हार खाणें म्हणजे अब्रूस मुकणें असें तो समजतो. आतां विचार करा, प्रेक्षकांस हंसूं येतें तें कोणाचें? मानापमान, चढाओढ, अब्रू हीं सारीं मनुष्याचीं दुखणीं होत. कुत्र्याला त्यांची वार्ताही नसते. त्याचें लक्ष खाऊकडे आणि धन्याच्या हाताकडे असतें. कारण एवढेंसें आणि आवेश मात्र युद्धाचा, अशी विसंगति दिसली कीं हास्य उत्पन्न होतें. येथें तें हास्य दोरी धरणाराच्या वांट्यास येतें. दोरीस बांधलेला प्राणी त्यांतून सहीसलामत सुटतो.

हा विनोद शहरांतच इतका कां फुलावा, यासही कारण आहे. खेड्यांतील कुत्रा अंगणांत राहतो, शेतांत हिंडतो आणि वाटेल तेव्हां घरीं येतो. शहरांतील बिऱ्हाडास अंगण नसतें. तेथें कुत्र्यास दिवसांतून दोन-तीन वेळां खालीं न्यावेंच लागतें, मग पाऊस असो वा बर्फ असो. त्यामुळें जे शेजारी एरव्हीं एकमेकांकडे पाहतही नाहींत ते रोज ठरल्या वेळीं रस्त्यावर समोरासमोर येतात. कुत्रीं एकमेकांस हुंगूं लागलीं कीं मालकांनाही बोलणें भाग पडतें, आणि बोलण्यांतून कधीं मैत्री होते तर कधीं भांडण. पुष्कळदां असें होतें कीं, कुत्र्याचें नांव साऱ्या गल्लीस ठाऊक असतें आणि मालकाचें कोणासच नसतें. नाटककारास याहून सोईची रंगभूमि कोठें मिळणार?

त्यांतच शहराचे कायदे येतात. न्यू यॉर्क शहरांत १ ऑगस्ट १९७८ पासून असा कायदा अमलांत आला कीं, आपल्या कुत्र्यानें रस्त्यावर केलेली घाण मालकानें तेथल्या तेथें उचलली पाहिजे. न उचलील त्यास दंड. रस्त्यावर कुत्र्याची दोरी सहा फुटांहून लांब असतां कामा नये. कित्येक बागांतून पहांटेपासून सकाळीं नऊपर्यंत, आणि रात्रीं नवापासून बाग बंद होईपर्यंत, नेमलेल्या जागीं कुत्रीं मोकळीं सोडण्याची मुभा आहे. इतर वेळीं नाहीं. भुयारी रेल्वेंत कुत्रा न्यावयाचा तर तो पिशवींत किंवा पेटींत घालून न्यावा असा नियम आहे. म्हणून तेथील लोक भल्यामोठ्या पिशवींत धिप्पाड कुत्रा बसवून, तिच्यांतून त्याचें डोकें बाहेर आलेलें अशा थाटांत प्रवास करितात! नियमाचें अक्षर पाळलें जातें, आणि डब्यांतील उतारूंची करमणूक होते ती निराळी.

कुत्र्याच्या निमित्तानें धन्यास हंसण्याची ही रीत जुनी आहे. शेक्सपिअरच्या 'टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना' या नाटकांत, जें १६२३ सालच्या संग्रहांत प्रथम छापलें गेलें, लॉन्स नांवाचा एक चाकर आहे. परगांवीं निघतांना घरचीं सर्व माणसें रडलीं, पण आपल्या क्रॅब या कुत्र्यानें एक टिपूसही गाळलें नाहीं, याचें त्याला केवढें दुःख! पुढें तोच कुत्रा सरदाराच्या भोजनाच्या मेजाखालीं घाण करितो. तेव्हां लॉन्स तो अपराध आपलाच म्हणून सांगतो आणि कुत्र्याच्या वांट्याचे फटके आपण खातो. १९१८ सालीं चार्ली चॅप्लिन यांनीं 'ए डॉग्ज लाइफ' हा मूकपट काढला. त्यांतील बेकार नायकास नाचगाण्याच्या जागेंत कुत्रा नेण्याची बंदी होते; तेव्हां तो कुत्र्यास आपल्या विजारींत दडवितो, पण विजारीच्या भोकांतून शेपूट बाहेर येऊन हलूं लागतें. मराठींत पु. ल. देशपांडे यांनीं 'पाळीव प्राणी' या लेखांत अशा हौशी लोकांकडे गांजलेल्या पाहुण्याच्या दृष्टीनें पाहून वाचकांस पोट धरून हंसविलें आहे.

लॉन्सचे ते फटके वाचले म्हणजे मला माझ्या बाळपणची एक गोष्ट आठवते, आणि ती सांगतांना आजही संकोच वाटतो. मी दहा वर्षांचा असतांना आम्ही चाळींतील दोन खोल्यांत राहत होतों. पावसाळ्याच्या आरंभीं मीं एक भिजलेलें पिलूं उचलून घरीं आणलें आणि त्याचें नांव मोती ठेविलें. वडिलांनीं एकच अट घातली, "त्याचें सारें तूं करावयाचें." मीं मोठ्या आनंदानें मान डोलविली. पहिले आठ दिवस मी पहांटे उठून त्याला खालीं नेत असें. नंतर पाऊस वाढला, शाळेचा अभ्यास वाढला, अंथरुणांतून उठवेनासें झालें. मला न उठवितां आई त्याला खालीं नेऊं लागली. ग्यालरी तिनें पुसावी, शेजाऱ्यांचीं बोलणीं तिनें ऐकावीं, आणि मित्रांपुढें "आमचा मोती" म्हणून मिरवावें मीं, असा क्रम चार महिने चालला. शेवटीं एके दिवशीं शाळेंतून येऊन पाहतों तों मोती नाहीं. मामा येऊन त्याला गांवीं घेऊन गेले होते. मीं पुष्कळ आकांत केला. आई एक शब्दही बोलली नाहीं.

पुढें मे महिन्यांत आम्ही मामांकडे गेलों. मोती अंगणांत पडला होता. मीं हांक मारितांच तो उठून आला, त्यानें माझा हात हुंगला, आणि मग तो धांवत जाऊन आईच्या पायांशीं लोळूं लागला. सर्वजण हंसले. मीही हंसलों, परंतु तें हंसणें खरें नव्हतें. चार महिने मोतीचा धनी कोण होता, तें त्यानें सर्वांदेखत सांगून टाकिलें होतें.

म्हणून माल्कमच्या वेडेपणास हंसतांना त्याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. तो भांडखोर असेल, फुशारकीखोर असेल. पण दोरी त्याच्या स्वतःच्या हातांत असते. कुत्रें बहुधा दहा ते पंधरा वर्षें जगतें. इयत्ता पांचवींत असतांना आणलेलें पिलूं तुमचें कॉलेज संपेपर्यंत तुमच्याकडे पाहत राहणार. त्यास वेळच्या वेळीं रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगावरील, लस टोंचावी लागते; कारण त्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं मनुष्य काय नि प्राणी काय, बहुतेक वांचत नाहीं. मुंबईसारख्या शहरांत महानगरपालिकेचा परवानाही काढावा लागतो. आणि केलेली घाण उचलण्याचें काम तर कोणत्याही गांवीं मालकाचेंच.

तेव्हां ज्या मुलांस घरीं कुत्रा आणावा असें वाटतें, त्यांनीं आधीं एक महिनाभर रोज पहांटे ठरल्या वेळीं उठून, पाऊस असला तरी, गल्लीस एक फेरी घालून यावें. महिनाअखेर तो नेम टिकला, तर मग आईबापांपाशीं गोष्ट काढावी. ते बहुधा नाहीं म्हणणार नाहींत.