मयूर, जंत आणि आपला धर्मार्थ दाणा

उचगावच्या शिवारात मोर दिसणे हे नवल नव्हे. बेळगावच्या पश्चिमेस, मार्कंडेय नदीच्या अंगाने पसरलेल्या या भागात भात, बटाटा, रताळी व ऊस यांची शेते, बांधावरची झाडी आणि माळावरची झुडपे असा मोरांस मानवणारा सगळा सरंजाम आहे. पाखरांस दाणा टाकणे ही तर आपल्या व्यापारी समाजाची पिढीजात रीत. पारव्यांसाठी म्हणून टाकलेल्या जोंधळ्यावर एखादे दिवशी लांडोर पिल्लांसह उतरली, म्हणजे घरातील लहानथोरांस किती संतोष होतो, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

परंतु त्याच दाण्यापाशी कधी कधी दुसरेही दृश्य दिसते. पिसे फुगवून, मान आखडून बसलेला मोर. हाताला लागेल इतके छातीचे हाड वर आलेली लांडोर. चोच उघडी टाकून श्वासासाठी धडपडणारे पिल्लू. असे काही दिसले की कोणीतरी सुचवितो, ‘जंत झाले असतील, दाण्याला कोंबड्यांचे जंताचे औषध चोळून टाका.’ सल्ला देणाऱ्याच्या मनात दयाच असते. तथापि तो सल्ला कोणीही अमलात आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्याची कारणे सभासद बंधुभगिनींपुढे मांडावी, एवढ्यासाठीच ही जागा आम्ही घेतली आहे.

मोराच्या पोटी वस्ती करणारे जंत एका जातीचे नसतात. लहान आतड्यात राहणारा मोठा गोल जंत, ज्यास शास्त्रात अ‍ॅस्कॅरिडिया म्हणतात, तो डोळ्यांस सहज दिसतो व पुष्कळ झाल्यास आतड्याची वाट अडवितो. केसासारखा बारीक कॅपिलारिया आतड्याच्या अस्तरात रुतून बसतो व पक्ष्यास हळूहळू वाळवितो. सिंगॅमस नावाचा तांबडा जंत श्वासनलिकेस चिकटतो. उघड्या चोचीने धापा टाकणारे पिल्लू बहुधा त्याचे भक्ष्य असते. चपटे जंतही असतात, ते मुंग्या, भुंगेरे, गोगलगाई खाल्ल्याने पोटात जातात.

या सर्वांत दिसावयास क्षुल्लक व परिणामात भयंकर असा जंत म्हणजे हेटेराकिस. आतड्याच्या शेवटी पक्ष्यांस दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्यांत तो राहतो. तो स्वतः फारसे नुकसान करीत नाही. पण त्याच्या अंड्यात हिस्टोमोनस नावाचा एक सूक्ष्म जीव दडलेला असू शकतो, आणि हा जीव आतडे व यकृत यांस व्रण पाडतो. गंधकासारखी पिवळी विष्ठा हे त्या रोगाचे लक्षण. गावातील कोंबडी हा रोग पोटात वागवूनही बहुधा धडधाकट फिरते. टर्की आणि मोराची पिल्ले मात्र दगावतात. अमेरिकेत टर्कींस या रोगापासून वाचविण्यासाठी दिले जाणारे नायटार्सोन नावाचे औषध त्यातील सोमलामुळे २०१५ च्या अखेरीस बाजारातून काढून घेण्यात आले. तेव्हापासून तेथेही कोंबड्या व टर्की यांस एका जागी वाढू न देण्यावरच मुख्य भिस्त आहे.

आता उचगावचा विचार करा. परसातील कोंबड्या उकिरड्यावर चरतात आणि मोरही तेथेच येतो. हेटेराकिसची अंडी ओलसर, सावलीच्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. गांडूळ माती खाते, तिजबरोबर ती अंडीही त्याच्या पोटात जातात, आणि पाखरू गांडूळ खाते. लांडोर जमिनीवरच घरटे करते, साधारणतः ४ ते ७ अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबविते. विणीचा हा हंगाम पावसाळ्याचा. आपल्याकडील पाऊस कसा असतो हे जाणत्यांस ठाऊकच आहे. ज्या दिवसांत पिल्ले किडे-गांडुळे वेचावयास शिकतात, नेमक्या त्याच दिवसांत माती जंतांच्या अंड्यांस सर्वांत अनुकूल असते. तात्पर्य, रोगाचे मूळ पाखराच्या पोटात आहे त्याहून अधिक पायाखालच्या मातीत आहे. आणि पोटात गेलेले कोणतेही औषध मातीतील अंड्यांस शिवत नाही.

दाण्यात औषध मिसळण्यास दुसरी हरकत वजनाची आहे. पूर्ण वाढलेला मोर ४ ते ६ किलोचा, लांडोर ३ ते ४ किलोची, तर पारवा जेमतेम ३०० ते ३५० ग्रॅमचा. उदाहरणापुरते धरा की फेनबेंडाझोल हे औषध किलोमागे २० मिलिग्रॅम द्यावयाचे आहे. म्हणजे ५ किलोच्या मोरास १०० मिलिग्रॅम आणि ३०० ग्रॅमच्या पारव्यास अवघे ६. एकाच ढिगातून दोघे खाणार, आणि कोण किती खाईल यास माप नाही. आजारी पाखरू तर मुळात खातच नाही. औषध जाते ते निरोग्याच्या पोटात. पेढीवर तागडीचा पासंग पाहिल्याखेरीज पोते न उचलणारे आपण, औषधाच्या बाबतीत मात्र ‘दोन चमचे पुरेत’ म्हणून मोकळे होतो, हे विलक्षणच म्हटले पाहिजे! आणि हेच फेनबेंडाझोल पारव्यांच्या कुळात अधिक झाले, तर हाडांतील मज्जा निकामी होऊन पक्षी मरतात, हे पशुवैद्यकात नमूद आहे. मोरावर दया करावयास जावे आणि चबुतऱ्याखाली पारव्यांचा खच पडावा, असा तो प्रकार होईल.

पिसांचाही प्रश्न आहे. नवी पिसे फुटत असता हे औषध दिल्यास काही पक्ष्यांत ती वेडीवाकडी येतात. पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा गळतो व पुढील काही महिन्यांत नवा येतो. दिगंबर मुनिवरांच्या हातातील पिंछी ज्या पिसांची होते, ती अशी आपोआप गळालेलीच असतात, हे आपल्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. पाळतीतील मोरास हे औषध द्यावयाचेच झाले, तर पिसे फुटण्याचा काळ टाळलेला बरा.

पाळतीतील असे आम्ही म्हटले खरे, पण मोर पाळणे ही आपल्या इच्छेची गोष्ट नाही. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. त्यास पकडणे वा कोंडून ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे. सबब प्राणिसंग्रहालये व वनखात्याने मान्य केलेली उपचारकेंद्रे यांखेरीज औषधाचा खरा अधिकार व उपयोग कोठेच नाही.

अशा ठिकाणी योग्य रीत काय, हेही धर्मादाय संस्थांशी संबंध असणाऱ्यांस ठाऊक असावे. प्रथम विष्ठेची तपासणी. ताजी विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळून ठेवली असता जंतांची अंडी हलकी म्हणून वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. विष्ठा दोन प्रकारची पडते. नेहमीची, आणि अधूनमधून पडणारी चिकट, तपकिरी, त्या आंधळ्या पिशव्यांतून आलेली. दोन्हींचे नमुने द्यावेत, एरवी हेटेराकिस निसटू शकतो. मग पक्ष्याचे वजन. त्यानंतर जंताची जात पाहून औषध. पिपेरॅझिन मुख्यत्वे मोठ्या गोल जंतावर चालते, इतरांवर भरवशाचे नाही. लेव्हामिसोल गुणकारी आहे, पण उपकारक मात्रा व अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे. कॅपिलारियास फेनबेंडाझोल अधिक दिवस द्यावे लागते. चपट्या जंतांस प्राझिक्वांटेल हवे. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन कोंबडीच्या मापाने देण्याचा प्रघात काही जागी पडला आहे. तो पशुवैद्याच्या सांगण्यावाचून कोणी स्वीकारू नये. औषध चोचीतून, एकेका पक्ष्यास, मोजून द्यावे. फार अशक्त व जंतांनी भरलेल्या पक्ष्यास एकदम जोराची मात्रा दिली, तर मेलेल्या जंतांनीच आतडे तुंबण्याचे भय असते.

येथे एक शंका आपल्या घरांतून हमखास निघते व ती टाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जंत मारणे ही हिंसा नव्हे काय? तत्त्वार्थसूत्रात द्वींद्रिय जीवाचे उदाहरण म्हणून कृमीचेच नाव आहे. कोणी म्हणतात, पिपेरॅझिन जंतास मारीत नाही, केवळ बधिर करून बाहेर घालविते, म्हणून ते चालेल. ही पळवाट आहे. बाहेर पडलेला जंत जगत नाही. पीडित मोरास औषध द्यावे की नाही याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुजनांस विचारून करावा. आम्हांस एवढेच दिसते की, जेथे माती कोरडी व स्वच्छ आहे तेथे जंत उपजतच थोडे, आणि मग औषधाची व हिंसेची वेळही क्वचित येते. अहिंसेचा विचार आणि पशुवैद्याचा सल्ला या ठिकाणी एकाच वाटेने जातात, ही आम्हांस समाधानाची गोष्ट वाटते.

हावेरी जिल्ह्यातील बंकापूरच्या किल्ल्यात मोरांसाठी राखलेले क्षेत्र आहे. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणाशी या गावाचे नाव जोडलेले असल्याने आपल्या लोकांस ते परके नाही. बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे. विस्तीर्ण रानात पाखरे विखरून चरतात; एकाच ठिकाणी विष्ठा साचत नाही. आपण मात्र रोज त्याच जागी, त्याच वेळी पसाभर ऐवजी पायलीभर दाणा ओततो आणि दहा घरची पाखरे एका मुठीएवढ्या जागेत कोंबतो.

म्हणून दाणा घालावयाचाच तर तो थोडा असावा, सकाळच्या वेळात संपून जाईल इतकाच. उघड्या मातीवर न टाकता उन्हात तापणाऱ्या फरशीवर वा दगडी चबुतऱ्यावर टाकावा. फरशी रोज झाडून विष्ठा दूर न्यावी. जंतांची अंडी फिनाइलसारख्या औषधांस दाद देत नाहीत. ऊन, कोरडेपणा आणि उष्णता यांपुढे मात्र टिकत नाहीत. मातीवर टाकणे अपरिहार्य असेल तर जागा वरचेवर बदलावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दाणा बंद ठेवल्यास उत्तम. त्या दिवसांत रानात पाखरांस काही उणे नसते. कोंबड्या बाळगणाऱ्या शेजाऱ्यास चार शब्द गोडीने सांगून त्या चबुतऱ्यापासून दूर ठेवाव्यात. पशुवैद्याकडून त्या कोंबड्यांची तपासणी व औषधोपचार करवून देण्याचा खर्च संघटनेने उचलला, तर दाण्याच्या एका पोत्याहून मोरांचे हित त्यात अधिक साधेल.

आजारी मोर आवारात येऊन पडलाच, तर त्यास पाणी, औषध वा दूध तोंडात ओतू नये. पुठ्ठ्याच्या मोठ्या, हवेशीर खोक्यात, अंधारात व शांततेत ठेवून तत्काळ वनखात्यास कळवावे. कायद्याने असा पक्षी सरकारच्या मालकीचा असतो आणि तो हाती आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा अधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी लागते. जाताना त्याची ताजी विष्ठा एका स्वच्छ डबीत घालून बरोबर न्यावी. पशुवैद्याचा निम्मा वेळ वाचतो.