विश्लेषण : जुन्या ट्रॅक्टरचे मागचे चाक डुलते, तेव्हा आत काय झालेले असते?

नागपूर जिल्ह्यातील रामटेक, पारशिवनी, मौदा या धानाच्या पट्ट्यात रोवणी सुरू झाली की ट्रॅक्टरला उसंत नसते. बांधीत पाणी साचलेले, पऱ्हे तयार, मजूर ठरलेले. नेमके त्याच वेळी मागचे चाक डुलू लागते आणि रिमच्या आतल्या बाजूने काळे तेल ओघळताना दिसते. भाड्याने दुसरा ट्रॅक्टर शोधावा, तर त्या आठवड्यात तो कोणाकडेच मोकळा नसतो. ‘बेअरिंग गेले’ असे मिस्त्री सांगतो. ते बहुतेक वेळा खरेही असते. पण बेअरिंग त्या दिवशी गेलेले नसते. त्याची सुरुवात मागच्या हंगामात, काही रुपयांच्या रबरी सीलपासून झालेली असते.

जुना ट्रॅक्टर काढून का टाकत नाहीत?

दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर भंगारात काढावा लागणार, अशी अफवा समाजमाध्यमांवर फिरली होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२३ मध्ये ती खोडून काढली. शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहनांत मोडतो. त्याची नोंदणी आधी १५ वर्षांसाठी असते आणि नंतर एका वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे खरे. तरी लाखोंचे कर्ज काढण्यापेक्षा घरचा पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर दुरुस्त करणे अनेकांना परवडते. शिवाय या यंत्रांची रचना साधी आहे. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टर बनवायला घेतले. त्या काळातील बी-२७५ मॉडेलचा वारसा सांगणारे ट्रॅक्टर आजही विदर्भाच्या रस्त्यांवर दिसतात. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना नागपूरजवळ हिंगण्यातच आहे. या यंत्रांवर हात बसलेले मिस्त्री भागात आहेत, हा जुन्या ट्रॅक्टरचा मोठा आधार.

मागच्या ॲक्सलवर नेमका किती भार असतो?

एक साधा हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटाला साधारण दोन हजार फेरे घेते. नांगरणीत ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटरने चालत असेल, तर मागचे चाक मिनिटाला जेमतेम वीस-बावीस फेरे घेते. म्हणजे वेग जवळपास शंभर पटीने कमी होतो आणि पिळण्याची ताकद त्याच प्रमाणात वाढते. ही ताकद गिअरबॉक्समधून क्राउन-पिनियनकडे, तिथून डिफरन्शियलमार्फत दोन्ही बाजूंच्या ॲक्सल शाफ्टकडे जाते. काही मॉडेलमध्ये वाटेत बुल गिअरची आणखी एक जोडी असते. मॅसी फर्ग्युसन १०३५ सारख्या ट्रॅक्टरमध्ये तुतारीसारख्या निमुळत्या नळीतून शाफ्ट थेट चाकापर्यंत येतो. मिस्त्री त्या नळीला ट्रम्पेट म्हणतात.

चाकाजवळ या शाफ्टला पेलणारे बेअरिंग बहुधा टेपर रोलर प्रकारचे असते. त्यातले रोलर निमुळते असल्याने ते वरून येणारे वजनही झेलते आणि वळताना बसणारा आडवा रेटाही. गंमत म्हणजे ही कल्पना ट्रॅक्टरसाठी निघालीच नव्हती. अमेरिकेतील घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी वळणावर गाडीच्या कण्याला बसणारा रेटा कमी करण्यासाठी १८९८ मध्ये तिचे पेटंट घेतले.

बिघाड सुरू कुठून होतो?

बेअरिंगशेजारी ऑइल सील असते. तेल आत आणि चिखल बाहेर ठेवणे एवढेच त्याचे काम. चिखलणीत ते तासन् तास पाण्याखाली असते. दिवसभर तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलच्या कडेतून पाणी आत ओढले जाते. त्याच्यासोबत बारीक गाळही जातो. पाणी आणि गिअर ऑइल घुसळून दुधाळ मिश्रण तयार होते. ते रोलरवर टिकत नाही, लोखंड लोखंडाला घासते. पावसाळ्यानंतर ट्रॅक्टर चार महिने उभा राहिला, तर आत साचलेल्या पाण्याने रोलरवर गंज धरतो. पुढच्या रोवणीत तोच गंज बेअरिंग खातो.

टायरच्या बाहेर लावलेली लोखंडी केज व्हील भर घालतात. चिखलात पकड मिळते, पण भार बेअरिंगपासून दूर सरकतो आणि शाफ्ट वाकवणारा जोर वाढतो. काटोल, नरखेडच्या काळ्या जमिनीत चिखलणी नसते, तिथे कारण वेगळे असते. दोन चाकांच्या ट्रॉलीत पुढच्या बाजूला जास्त माल भरला की त्याचे ओझे थेट ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलवर येते.

आणखी एक कारण क्वचितच कोणी तपासते. ॲक्सलच्या घराला हवा खेळण्यासाठी छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला, तर तापलेल्या हवेचा दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. सील बदलून आठवड्याच्या आत गळती परत आली, तर दुकानदाराला दोष देण्याआधी ब्रीदर पाहिलेला बरा.

घरच्या घरी कसे ओळखायचे?

मागचे चाक जमिनीवरून उचलून ते वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहायचे. हाताला खटखट जाणवली तर बेअरिंग, शिम किंवा चाकाचे नट यांपैकी काहीतरी ढिले आहे. रस्त्यावर वेगासोबत वाढणारी घरघर, एका बाजूचे हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापणे, ड्रेन प्लगमधून दुधाळ तेल किंवा चमकणारा चुरा येणे, हे सगळे पुढचे इशारे. सर्वांत धोक्याचा इशारा मात्र ब्रेकमध्ये असतो. ज्या जुन्या ट्रॅक्टरांत कोरडे ब्रेक चाकाजवळ आहेत, तिथे सीलमधून गळलेले तेल ब्रेक शूवर जाते. मग ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. भरलेली ट्रॉली मागे असताना उतारावर हे जिवावर बेतू शकते. अशा ट्रॅक्टरने रोवणी संपेपर्यंत निभावून नेऊ, असे म्हणू नये.

उघडताना काय सांभाळायचे?

हे काम एकट्याचे नाही. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असेल, तर एका चाकात शंभर लिटरहून जास्त पाणी असू शकते. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली हात घालू नये. खाली लाकडी ठोकळे किंवा मजबूत स्टँड हवेतच. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्या लागतात. नाहीतर मागचे एक चाक काढताच ट्रॅक्टर कलंडू शकतो.

जुने बेअरिंग काही मॉडेलमध्ये शाफ्टवर गरम करून चढवलेल्या कॉलरने धरलेले असते. गॅसच्या ज्योतीने ती कापणे सोपे वाटते, पण त्या उष्णतेने शाफ्टचा कडकपणा जातो. ग्राइंडरने कॉलरला जवळपास पूर्ण काप देऊन, शाफ्टला धक्का न लावता, छिन्नीने ती फोडणे हा वेळखाऊ पण बरा मार्ग.

निघालेले बेअरिंग लगेच भंगारात टाकू नये, कारण त्यावर बिघाडाचे कारण उमटलेले असते. तांबूस डाग म्हणजे पाणी. निळसर-काळा रंग म्हणजे तेलाअभावी झालेली उष्णता. खवले निघालेला पृष्ठभाग म्हणजे जास्त भार किंवा चुकीची बसवणी. आतली कडी शाफ्टवरच फिरल्याच्या खुणा असतील, तर नवे बेअरिंग घालून उपयोग नाही, कारण बसण्याची जागाच झिजलेली आहे. इथे दोन जुगाड सर्रास चालतात. एक म्हणजे शाफ्टवर पंचने ठिपके मारून बेअरिंग घट्ट बसवणे. ते काही आठवडे टिकते, मग चाक पुन्हा डुलते. दुसरा म्हणजे वेल्डिंगने भर घालून लेथवर घासणे. उष्णतेने शाफ्टला तडा जाण्याची भीती असते आणि चालत्या ट्रॅक्टरचे चाक निखळण्याची जोखीम कोणी घेऊ नये. इथे पैसे वाचवण्यापेक्षा शाफ्ट बदलणे स्वस्त पडते. सील जिथे घासते तिथे नुसती चर पडली असेल, तर मात्र पातळ स्लीव्ह बसवून भागते.

नवे बसवताना चूक कुठे होते?

बेअरिंगच्या कडीवर कोरलेला नंबर जुन्याशी तंतोतंत जुळायला हवा. बाजारात नकली बेअरिंगही असतात. एसकेएफसारख्या कंपनीच्या ‘ऑथेंटिकेट’ ॲपवर फोटो पाठवून खात्री करता येते. बेअरिंग हातोड्याने ठोकू नये. स्वच्छ तेलात साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते प्रसरण पावून शाफ्टवर सहज चढते. १२५ अंशांच्या वर मात्र नेऊ नये. दाब द्यावाच लागला, तर तो फक्त आतल्या कडीवर द्यावा. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवावी आणि तिच्या ओठावर बसवण्यापूर्वी ग्रीस लावावे.

शेवटचे आणि सर्वांत नाजूक काम शिमचे. या पातळ चकत्यांनी शाफ्टचा आत-बाहेरचा ढिलेपणा ठरतो. तो कमी ठेवला तर बेअरिंग तापून जळते, जास्त ठेवला तर चाक पुन्हा डुलते. आकडा प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो डायल गेजने मोजायचा असतो. ‘हाताला बरोबर वाटते’ हे माप इथे चालत नाही.

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच भरावे, विशेषतः तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये. पहिल्या दिवशी अर्धा-एक तास रिकामा चालवून हबला हात लावून पाहावा आणि चाकाचे नट पुन्हा आवळावेत. पहिल्या चिखलणीनंतर ड्रेन प्लग किंचित सैल करून तेलाचे दोन थेंब बोटावर घ्यावेत. ते दुधाळ दिसले, तर दुसऱ्या दिवशी बांधीत उतरण्याआधी ट्रॅक्टर वर्कशॉपला न्यावा.