सातबाऱ्यापासून खात्यापर्यंत

“हप्ता पडला का?” एप्रिल २०२० मध्ये निफाड तालुक्यातल्या एका गावात बँक मित्राच्या टेबलापुढे ज्याच्या त्याच्या तोंडी हाच प्रश्न होता. टाळेबंदीमुळे व्यापारी फिरकेनासे झाले होते. कुणाची द्राक्षं अजून वेलीवर होती, कुणी ती बेदाण्याला घातली होती. फक्कीने आखलेल्या चौकोनांत तोंडाला रुमाल बांधून माणसं उभी होती.

बँक मित्र आधार क्रमांक टाकायचा आणि छोटं यंत्र पुढे सरकवायचा. “बाबा, अंगठा नको, दुसरं बोट ठेवा.” उभा जन्म मातीत राबलेल्या हातांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्राला त्या सापडत नाहीत. बोट पुसायचं, पुन्हा टेकवायचं. ठसा जुळला की पावती निघायची आणि नोटा मोजून हातात पडायच्या.

पीएम किसान योजनेच्या या नोटा हातात पडण्याआधी बरंच काही घडलेलं असतं. आधी तलाठ्याकडे सातबारा तपासला जातो. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत नावावर असावी लागते. त्यानंतर वारसाने आलेली असली तरी चालते. प्राप्तिकर भरणारा वगळला जातो. तालुक्याहून माहिती राज्याकडे आणि तिथून केंद्राच्या पोर्टलवर जाते. आधारवरचं नाव आणि बँक खातं पडताळलं जातं. राज्याने निधी मागणीवर सही केली की हस्तांतराचा आदेश निघतो आणि पैसे थेट खात्यात येतात. मधे हात मारायला कुणाला फारसा वाव नाही, हे या व्यवस्थेचं खरं बळ आहे.

२६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच ८.७ कोटी शेतकऱ्यांना देण्याची घोषणा त्यात होती. बाजार बंद असताना घरात रोकड आली, याचं मोल मोठं आहे. पण हे पैसे वाढीव नव्हते. वर्षाला ठरलेल्या ६,००० रुपयांतला एप्रिल ते जुलैचा हप्ताच तेवढा लवकर मिळाला. चार महिन्यांवर वाटला तर दिवसाला साधारण १६ रुपये. औषधाची एक फवारणीही त्यात धड होत नाही.

आणि ज्यांची नोंदच नाही, त्यांच्या वाट्याला तेही आलं नाही. नवरा गेल्यावर वारस नोंद राहून गेलेली बाई शेत कसते, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. खंडाने किंवा वाट्याने जमीन करणारा तर या योजनेत बसतच नाही. माल सडला त्याचा, हप्ता मात्र जमीन ज्याच्या नावावर त्याला. आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरं असेल तर दुरुस्ती हवी, आणि त्या दिवसांत कार्यालयात पोचणंच कठीण होतं.

पैसे पोचवण्याची वाट आपण चांगली बांधली आहे. ती कसणाऱ्यापर्यंत जाते की नुसती मालकापर्यंत, हा प्रश्न संकट यायच्या आधीच सुटायला हवा. गावागावांत वारस नोंदी पूर्ण करा आणि खंडकऱ्यांची, वाटेकऱ्यांची वेगळी यादी ठेवा. पुढचं संकट नोंदणीसाठी थांबणार नाही.