वांकड्या अंगणाचें गणित

नाचतां येईना, अंगण वांकडें, असें म्हणून आपला दोष जागेवर ढकलणाऱ्याची थट्टा करण्याची मराठींत जुनी रीत आहे. परंतु अमेरिकेंतील बेसबॉल हा खेळ असा आहे कीं, त्यांत अंगण खरोखरच वांकडें असतें. आणि तें किती वांकडें आहे हें मोजल्यावांचून नाचणाऱ्याची परीक्षा करणें अन्यायाचें होतें.

श्रोत्यांनीं एक उघडलेला पंखा डोळ्यांपुढें आणावा. पंख्याच्या मुठीशीं फलंदाज उभा असतो. चेंडू फेकणारा त्याच्यापासून 60 फूट 6 इंचांवर असतो, आणि धांवतांना ज्या चार बेसांना स्पर्श करावयाचा, त्यांपैकीं लगतच्या दोहोंत 90 फुटांचें अंतर असतें. हीं मापें सर्व मोठ्या मैदानांवर एकच. पंख्याची बाहेरची कड मात्र, म्हणजे भिंत अथवा कुंपण, गांवोगांव निराळी. जुनीं मैदानें शहरांतील रस्त्यांच्या मध्यें जसा जमिनीचा तुकडा मिळाला तशीं बांधलीं गेलीं. क्रिकेटमध्येंहि खेळपट्टी 22 यार्डांची ठरलेली आणि सीमारेषा बदलती असते. पण तेथें षट्कार हा शेंकडों धांवांतील सहा धांवांचा. बेसबॉलमध्यें दोन्ही संघांच्या मिळून बहुधा आठदहा धांवांत सामना संपतो. म्हणून भिंतीपलीकडे गेलेला एक चेंडू, ज्यास होम रन म्हणतात, सामन्याचें पारडें फिरवूं शकतो.

याचें जुनें उदाहरण शिकागो शहरांतील आहे. तेथील सरोवरकांठच्या मैदानाचें कुंपण डाव्या व उजव्या कडेस 200 फुटांच्याहि आंत होतें. 1883 सालीं त्यापलीकडे गेलेल्या चेंडूबद्दल फलंदाजास दोनच बेस मिळत. 1884 सालीं तोच फटका होम रन धरला जाऊं लागला. नेड विल्यमसन या खेळाडूच्या नांवावर 1883 सालीं 2 होम रन होते. 1884 सालीं ते 27 झाले, आणि त्यांपैकीं 25 घरच्या मैदानावरचे होते. पुढील वर्षीं संघ दुसऱ्या मैदानावर गेला व विल्यमसनचे होम रन 3 वर आले. हात तोच, फळीहि तीच. बदलला तो कुंपणाचा हिशेब. तरीहि 27 चा तो उच्चांक 1919 सालीं बेब रूथ यानें 29 होम रन काढीपर्यंत टिकला.

न्यूयॉर्कचें पोलो ग्राउंड्स हें मैदान घोड्याच्या नालासारखें लांबट होतें. उजवी कड 258 फुटांवर, डावी 279 फुटांवर, आणि मध्यभाग सुमारें 480 फुटांवर. 29 सप्टेंबर 1954 रोजीं वर्ल्ड सीरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेंतील पहिला सामना तेथें न्यूयॉर्क जायंट्स व क्लीव्हलंड यांच्यांत झाला. दोन्ही संघांच्या दोन दोन धांवा असतां आठव्या डावांत क्लीव्हलंडच्या व्हिक वर्ट्झनें मध्यभागीं 400 फुटांहून लांब चेंडू मारला. विली मेज यानें पाठमोरें धांवत जाऊन तो झेलला. दहाव्या डावांत जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सचा सुमारें 260 फुटांचा उंच फटका उजव्या भिंतीपलीकडे पडला, तीन धांवा झाल्या, आणि जायंट्सनीं सामना 5-2 असा जिंकला. नोंदवहींत लांबच्या फटक्यापुढें बाद असें लागलें, जवळच्या फटक्यापुढें होम रन.

एका दिवसाचा हा भेद आयुष्यभर सांचत गेला म्हणजे काय होतें? डावरा फलंदाज जोराचा फटका बहुधा उजवीकडे मारतो, उजवा डावीकडे. मेल ऑट हा डावरा फलंदाज आपली सारी कारकीर्द जायंट्सकडून खेळला. त्याच्या 511 होम रनांपैकीं 323 पोलो ग्राउंड्सवरचे आहेत. उलट जो डिमॅजिओ हा उजव्या हातानें खेळणारा. त्याचें घर यांकी स्टेडियम. तेथें डावा मध्यभाग 450 फुटांहून दूर. त्याचे घरचे होम रन 148 आणि परक्या मैदानांवरचे 213. दोघेहि थोर खेळाडू. पण एकास अंगणानें हात दिला, दुसऱ्याचा हात धरला.

तर मग भिंती दूर नेल्या कीं भागलें, असें कोणी म्हणेल. 1958 सालीं नव्या मैदानांस कडेला किमान 325 व मध्यें 400 फूट असें माप घालून देण्यांत आलें होतें. परंतु डेन्व्हर शहर समुद्रसपाटीहून सुमारें एक मैल उंच आहे. तेथील हवा विरळ, म्हणून चेंडू लांब जातो. 1995 सालीं उघडलेल्या तेथील कूर्स फील्डची मधली भिंत यासाठींच 415 फुटांवर ठेवली. पण मैदान विस्तीर्ण झाल्यानें क्षेत्ररक्षकांच्या मधल्या मोकळ्या जागेंत चेंडू अधिक पडूं लागले. होम रनहि थांबले नाहींत. 1999 च्या हंगामांत त्या एका मैदानावर 303 झाले. अखेर 2002 पासून चेंडू दमट हवेच्या खोलींत ठेवण्याची व्यवस्था करावी लागली.

या सर्वांवर हिशेबनीसांनीं एक उपाय काढला आहे. एका संघाच्या घरच्या सामन्यांत दोन्ही बाजूंच्या मिळून दर सामन्यास किती धांवा होतात तें पाहावें, आणि त्याच संघाच्या बाहेरच्या सामन्यांतील सरासरीनें त्यास भागावें. घरीं 10 व बाहेर 8 असल्यास गुणक 1.25. खेळणारा संघ तोच असल्यामुळें उरणारा फरक बव्हंशीं जागेचा. मात्र निम्मे सामने बाहेर होत असल्यानें खेळाडूच्या एकूण आंकड्यांतून त्याचा निम्माच भाग वजा करावा लागतो, आणि एका वर्षाच्या गुणकावर विसंबून चालत नाहीं.

हा खटाटोप कशासाठीं, हें लॅरी वॉकरच्या उदाहरणावरून कळतें. डेन्व्हरला खेळल्यामुळें त्याच्या आंकड्यांकडे पुष्कळजण संशयानें पाहात. बेसबॉलच्या सन्मानमंदिरासाठीं मतदानांत नांव राहण्याची मुदत दहा वर्षांची. त्याची निवड 2020 सालीं, दहाव्या म्हणजे अखेरच्या वर्षीं झाली. वस्तुतः 1997 सालीं त्यानें काढलेल्या 49 होम रनांपैकीं 29 परक्या मैदानांवरचे होते. ज्याच्या अंगणाला लोक हंसत होते, तो बाहेरच्या अंगणांतहि तितकाच चांगला नाचला होता. अंगण वांकडें आहे एवढें म्हणून थांबणें सोपें. किती वांकडें आहे तें मोजलें, तरच खेळाडूच्या पदरीं त्याचें माप पूर्ण पडतें.