टुरिंगची गाडी घ्यायची? आधी आपला रस्ता बघा, मग टॉप स्पीड

मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरही नाही. म्हणजे दोन-अडीच लाखांची स्पोर्ट्स टुरिंग गाडी घेतली तरी ती पळवायची आहे ती जुन्या हायवेवर, घाटात, तालुक्याच्या रस्त्यावर आणि शेवटचे चार किलोमीटर आपल्या गावच्या खडीवरच.

त्यातही केंद्राच्या नियमानुसार दुभाजक असलेल्या चार पदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि इतर रस्त्यांवर ६०. मीटरवर १६० चा आकडा असतो, पण तो कायद्याने कुठेच वापरता येत नाही. मग या गाडीचे पैसे मोजायचे कशासाठी?

स्पोर्ट्स टुरिंग म्हणजे नेमकं काय?

नुसत्या स्पोर्ट्स गाडीवर माणूस टाकीवर ओणवा होऊन बसतो. तासाभरात मनगटं आणि कंबर बोलायला लागते. टुरिंग गाडीचं हँडल उंच असतं, पाठ सरळ राहते, सीट रुंद असते. या दोन्हींच्या मधली ती स्पोर्ट्स टुरिंग. ओव्हरटेकला पिकअप हवा आणि २००-३०० किलोमीटर चालवून उतरल्यावर माणूस ताठ उभा राहायला हवा, ही तिच्याकडून अपेक्षा.

आपल्याकडे ही आवड नवी नाही. २००३ मध्ये करिझ्मा आली तेव्हापासून लांब पल्ल्याच्या गाडीचं वेड गावोगावी पोचलं. बजाजची पल्सर २२०एफ कंपनीने २०२२ मध्ये बंद केली होती, ती २०२३ मध्ये परत आणली. त्या गाडीत काय होतं? १५ लिटरची टाकी, समोर वारा अडवणारं फायबर, रात्री लांब झोत टाकणारा प्रोजेक्टर दिवा आणि कुठल्याही तालुक्यात हात लावू शकेल असा मिस्त्री. लांब जाणाऱ्याला काय लागतं ते यातच आलं.

टाकी आणि वारा

टाकी १२ लिटरची आणि ॲव्हरेज ३५ चं धरलं तर एका टाकीत ४२० किलोमीटर होतात. त्यातले शेवटचे ५० राखीव धरा. टाकी लहान असेल तर रात्री पंप शोधत फिरायची वेळ येते. पेट्रोलही आता ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज त्यामुळे ३ ते ४ टक्क्यांनी घटू शकतं, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग ई२० ला चालतील असे असतात. त्याआधीची सेकंडहँड गाडी घेत असाल, तर पेट्रोलचा पाइप आणि रबरी सील मिस्त्रीकडून आधी तपासून घ्या.

वाऱ्याचा हिशेबही साधा आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा मारा चौपट होतो. ४० च्या वेगाला न जाणवणारा वारा ८० ला छातीवर बसतो आणि माणूस थकतो. म्हणून समोरची उंच काच हे नुसतं शोभेचं काम नाही. ट्रायल घेताना वारा छातीवर येतो का हेल्मेटवर, तेवढं बघा.

मागे कोण बसणार?

गाडी पाहायला पोरगा मित्रासोबत जातो. घरी आल्यावर मागे आई बसणार असते किंवा बायको-मुलं. पुष्कळ स्पोर्टी गाड्यांची मागची सीट उंच आणि अरुंद असते. साडी नेसलेल्या बाईला त्यावर एका बाजूला बसणं अवघड जातं.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे साडीगार्ड. मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण, या तीनही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार सक्तीच्या आहेत. 'लूक जातो' म्हणून पोरं पहिल्याच आठवड्यात साडीगार्ड काढून टाकतात. मग पदर किंवा ओढणी चाकात गुंतते आणि मागची बाई चालत्या गाडीवरून खेचली जाते. शोरूमवाला 'काढून देऊ का' म्हणाला, तर सरळ नाही म्हणा.

हेल्मेटही दोन घ्या, आयएसआय मार्कचीच. कायद्याने मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे.

ब्रेक, दिवा, टायर

वेग दुप्पट केला की गाडी थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, हे त्याचं काम. सिंगल चॅनेल एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, ड्युअल चॅनेल दोन्हीला. लांब पल्ल्याला आणि पावसात ड्युअल चॅनेलसाठी जास्त पैसे मोजावे लागले तरी ते वाया जात नाहीत.

दिव्याचं महत्त्व गाळप हंगामात कळतं. मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी असते आणि कमजोर दिव्यात ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शक्य असेल तर ट्रायल संध्याकाळी अंधार पडल्यावर मागा.

टायर ट्यूबलेस आहे का तेही विचारा. ट्यूबलेस पंक्चर चाक न काढता पाच-दहा मिनिटांत निघतं. ट्यूबवाल्या स्पोक चाकाला मात्र चाक उतरवावं लागतं, पण खड्ड्यात ते मार जास्त सोसतं. रस्ता कसा आहे त्यावर निवड करा.

उंची आणि वजन

सुझुकीच्या दोन २५० सीसी गाड्या बघा. जिक्सर एसएफची सीट ८०० मिलिमीटर उंच आहे, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५. फरक दीड इंचाच्या आतला. पण मागे माणूस, बाजूला पिशव्या आणि खाली चिखल असला की तेवढ्यानेच पाय टेकेनासा होतो. रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० सुमारे १९६ किलोची आहे. ती उताराला लावून एकदा मागे ढकलून बघा, मग ठरवा.

३५० सीसीची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. करापूर्वीची किंमत २ लाख धरली तर कर ३६ हजार किंवा ८० हजार. म्हणजे ४४ हजारांचा फरक. आरटीओ आणि विमा वेगळा.

हप्त्यावर घेताना एकच प्रश्न विचारा: 'व्याज फ्लॅट की रिड्यूसिंग?' २ लाखांचं कर्ज, ३ वर्षं, १० टक्के. फ्लॅट असेल तर व्याज ६० हजार होतं. रिड्यूसिंग असेल तर साधारण ३२ हजार. दर दोन्हीकडे '१० टक्के'च सांगतात.

शोरूमला जाण्याआधी

- सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की जिल्ह्याला? पार्ट यायला किती दिवस लागतात?
- पुढचं फायबर फुटलं तर किंमत किती? लेखी घ्या.
- चेन-स्प्रॉकेट आणि दोन्ही टायर बदलायचा खर्च किती?
- घरातला जो मागे बसणार आहे, त्याला सोबत नेलं का?
- डबलसीट ट्रायल खराब रस्त्यावर मिळेल का?

शेवटच्या प्रश्नाला 'नाही' आलं तर घाई करू नका. ही गाडी पाच-सात वर्षं वापरायची असते. दुसऱ्या शोरूमला जा आणि ट्रायल घेऊनच पैसे भरा.